बोटभर फट

मी तसा खोटं बोलणारा माणूस नाही. आयुष्यात मी एकच खोटं बोललो. मात्र ते एकतीस वर्षं बोललो, दरवर्षी नववीच्या तिन्ही तुकड्यांत, फळ्यावर आकृती काढून, आणि त्या आकृतीला पेपरात चार मार्क असत.

प्रकरण ‘भूजलाचे कार्य’. ज्यांनी भूगोल पर्यायाला टाकला होता त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीत मुरतं, खडक विरघळवतं आणि आत गुहा तयार होतात. गुहेच्या छतातून चुना मिसळलेलं पाणी थेंबाथेंबाने गळतं, चुना मागे राहतो आणि छतापासून खाली एक सुळका वाढू लागतो. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवरूनही एक सुळका वर येऊ लागतो. वरचा तो अधोमुखी लवणस्तंभ, खालचा तो ऊर्ध्वमुखी. हजारो वर्षांनी दोघं एकमेकांना भेटतात आणि अखंड खांब होतो. एवढं लिहिलं तरी चारपैकी तीन मार्क मिळतात.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. मी आकृती पुरी केली, हात झटकले, आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा उभा राहिला की बाहेर जायची परवानगी मागायचा, त्यामुळे मी बेसावध होतो.

“सर, तुम्ही पाहिलंय का हे?”

आता या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणता येतं. पण तेवीस वर्षांच्या शिक्षकाला, चाळीस मुलांसमोर, नव्याकोऱ्या पँटला खडू लागलेला असताना म्हणता येत नाही.

“हो, पाहिलंय की,” मी म्हणालो.

“कुठे, सर?”

मी मागच्या नकाशाकडे न बघता हात नेला. बोट ज्या देशावर पडलं तो देश मी पुढे एकतीस वर्षांत एकदाही बदलला नाही. माझ्या प्रामाणिकपणाचा एवढा एक पुरावा पुरेसा आहे. कॉलेजात असताना तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध गुहेत अभ्याससहलीला गेलो होतो, असं सांगितलं. वर्ग अजून चुळबुळत होता म्हणून आणखी थोडं सांगितलं. “वरचा सुळका आणि खालचा सुळका यांच्यात एवढीच फट राहिली होती. बोटभर. मी त्यात बोट घातलं.”

वर्ग एकदम चिडीचूप झाला. माझ्यासमोर वर्ग गप्प होण्याची ती पहिलीच वेळ, आणि मला ते फार आवडलं.

पुढच्याच वर्षी मी हे बोट बायकोलाही सांगितलं. तेव्हा ती बायको नव्हती. ओळखीच्यांनी आमची गाठ घालून दिली होती, समोर चहा निवत होता आणि दोघांनाही बोलायला विषय सापडत नव्हता. ती पोस्टात काउंटरवर होती. तिला मागणी घालणारे आणखी दोघं होते आणि त्यातला एक बँकेत होता, हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे, गेली तीस वर्षं आठवड्यातून एकदा तरी कळतंच. “पण मी त्या बोटावर भाळले,” असं ती वर सांगते. मी विषय बदलतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मी मुदतीआधी निवृत्त झालो नसतो तर आजही चाललं असतं. निरोप समारंभाला माजी विद्यार्थी जमले. त्यांच्यात शेवटचा बाकही होता. त्याची आता प्रवास कंपनी आहे, पोट सुटलंय, पण उभा राहिला की अजूनही बाहेर जायची परवानगी मागणार असं वाटतं. त्याने माईक हातात घेतला.

“सरांनी आम्हाला एक गुहा दाखवली. फळ्यावर. आज आम्ही सगळे मिळून सरांना आणि बाईंना परत त्याच गुहेत पाठवतोय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी रुमाल काढून कपाळ पुसलं. लोकांना वाटलं, सर गहिवरले.

“आणि सर,” तो म्हणाला, “त्या फटीत बोट घातलेला फोटो पाहिजे बरं का. आधी बोट केवढं जात होतं, आता केवढं जातं, सगळ्यांना बघायचंय.”

बायकोने डोळे पुसले. तिला मी इतक्या अभिमानाने माझ्याकडे बघताना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, त्या निवलेल्या चहाच्या वेळी. तेव्हाच मी ठरवलं की काही झालं तरी हिला हे कळता कामा नये. गुहा शेवटी गुहा असते. तिथे फटी असणारच. त्यातली एखादी आपली म्हणून दाखवायची, की झालं. मी मुळीच घाबरलो नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

वरच्या मजल्यावर एक विमावाले राहतात. त्यांना माणूस कुठेही निघाला की तो परत येणार नाही अशीच बाजू आधी दिसते. ते त्याच संध्याकाळी आले.

“गुहा म्हणजे दोन धोके,” ते म्हणाले. “एक, वरून दगड. दोन, तुम्ही हरवता.”

“अहो, तिथे तिकीट लावून दाखवतात. दिवे असतात, जिने असतात.”

“दिवे जातात,” ते म्हणाले. तीन दिवसांनी त्यांनी भाच्याच्या कारखान्यातून एक पिवळं हेल्मेट आणलं, पुढे दिवा बसवलेलं. त्याबरोबर वीस हात दोर आणि शिट्टी. मी नको म्हणालो. बायको म्हणाली, “घ्या हो, ते इतक्या आपुलकीने देतायत.” आमच्या घरात आजवर जेवढी अडगळ आली ती सगळी लोकांच्या आपुलकीतूनच आली आहे.

खरी कसोटी व्हिसाच्या अर्जाची. सतराव्या क्रमांकाचा प्रश्न होता: या देशात आपण पूर्वी आला होतात काय? बायको शेजारीच बसली होती. मी ‘नाही’वर खूण केली.

“अहो! हे काय?”

“ते गेल्या दहा वर्षांपुरतं विचारतात,” मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं.

पण खिडकीवरच्या अधिकाऱ्याने आमचे कागद चाळत नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, “पहिल्यांदाच का?” आणि मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “माझी पहिली वेळ. यांची दुसरी.”

अधिकाऱ्याने चष्मा काढला. “अर्जात तर नाही म्हटलंय. मग जुना पासपोर्ट आणा.”

“तो हरवला,” मी म्हणालो.

“मग हरवल्याची पोलिसांत तक्रार आणा.”

अशा रीतीने, जो पासपोर्ट जन्मालाच आला नव्हता त्याच्या हरवण्याची तक्रार द्यायला मी बायकोसह पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने वही उघडली. नंबर? आठवत नाही. रंग? मी विचारात पडलो. शेवटचा कधी पाहिलात? एकतीस वर्षं ज्या माणसाने न पाहिलेल्या गुहेचं पायऱ्यांसकट वर्णन केलं, त्याची एका पासपोर्टपुढे बोलती बंद झाली. हवालदार माझ्याकडे बघू लागला. पोलिसांत खोटं लिहून द्यायचं म्हणजे अति झालं, हे मला तिथे उमगलं आणि मी पोट दुखतंय असं सांगून उठलो. ते मात्र खरंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला फोटोच्या दुकानात पाठवून मी एकटाच खिडकीवर गेलो आणि काचेच्या भोकाला तोंड लावून म्हणालो, “साहेब, मी तिथे कधीच गेलेलो नाही. बायकोला वाटतं गेलोय. तिला सांगू नका.”

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचंही लग्न झालेलं असावं. “हरकत नाही,” ते हळूच म्हणाले. “पण आता शेरा पडलाय. तसं प्रतिज्ञापत्र द्या. शिक्क्यासकट.”

बाहेरच्या टंकलेखकाने ते इंग्रजीत टंकलं. मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी सदर देशात, किंबहुना कोणत्याही परदेशात, आजवर कधीही पाऊल ठेवलेले नाही. माझं खोटं एकतीस वर्षांचं, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा दहा मिनिटांत तयार झाला. एक प्रत फाइलला लागली. दुसरी ‘प्रवासात जवळ ठेवा’ म्हणून त्यांनी मला दिली, ती मी बॅगेच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, पोटदुखीच्या गोळ्यांच्या मागे ठेवली. बायकोला सांगितलं, साहेबांनी तक्रारीशिवाय चालवून घेतलं.

विमानतळावर दोर, शिट्टी आणि दिव्याचं हेल्मेट बघून तपासणीवाल्यांनी मला बाजूला घेतलं. दोर ठेवून घेतला. शिट्टी वाजवून बघितली. हेल्मेट मात्र परत दिलं.

आणि मग गुहा.

तिकिटाच्या रांगेत हेल्मेट घातलेला मी एकटाच होतो. बाकी आज्या होत्या, दुपट्यातली बाळं होती, उंच टाचांच्या बाया होत्या. दोघातिघांनी मला कर्मचारी समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. मी पाटी वाचून सांगितलं. मार्गदर्शक म्हणून एक तरुण मुलगी होती, हातात टॉर्च, बोलणं ठाम. पहिली सूचना तिने तीनदा दिली: कशालाही हात लावायचा नाही. मग चारशे बारा पायऱ्या उतरलो.

खाली पोचल्यावर मी जे पाहिलं, त्याने मी काही वेळ सगळं विसरलो. खोटं विसरलो, फोटो विसरलो, डोक्यावर हेल्मेट आहे हेही विसरलो. फळ्यावर मी सुळके काढायचो ते गाजरासारखे. इथे छतापासून दगडाचे पडदे लोंबत होते, इतके पातळ की मागचा दिवा त्यांच्यातून दिसत होता. खाली एक तळं होतं, त्यात अख्खं छत उलटं पडलं होतं, आणि पाणी इतकं स्थिर की तळ कुठे आणि छत कुठे ते कळेना. कुठेतरी लांब थेंब पडत होता. चार मार्कांत हे कसं मावणार? मला पहिल्यांदाच त्या मुलांची कीव आली. मी त्यांना जे शिकवलं त्यात चुकीचं काही नव्हतं, पण हे नव्हतं.

“तसंच आहे का हो?” बायकोने हळू आवाजात विचारलं.

“थोडं वाढलंय,” मी म्हणालो.

मग मी सावरलो आणि तिला इंग्रजीत समजावून सांगू लागलो. मराठीतही सांगता आलं असतं, पण आसपास माणसं होती. हेल्मेटमुळे चारपाच जण माझ्याभोवती गोळा झाले. एका आजोबांनी शंका विचारली. मार्गदर्शक मुलगी दोनदा थांबून माझं संपायची वाट बघत उभी राहिली. तास उत्तम रंगला होता.

तेवढ्यात एका वळणावर ती थांबली आणि तिने टॉर्च टाकला. वरून एक सुळका, खालून एक सुळका. मध्ये फट, बोटभर.

बायकोने माझा दंड धरला. “हीच ना?”

“हीच,” मी म्हणालो. माझं नशीब मला इतकी साथ देईल असं मलाही वाटलं नव्हतं. मी बोट पुढे करून फोटोसाठी ऐटीत उभा राहणार, तोच ती मुलगी बोलू लागली.

“ही जोडी आमच्या गुहेची सगळ्यात दुःखाची गोष्ट आहे. ही पूर्वी रोज वाढत होती. सुमारे तेहतीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रवाशाने या फटीत बोट घातलं. माणसाच्या त्वचेचं तेल दगडाला लागलं की पाणी त्याला चिकटत नाही. हा काळा डाग बघा. तेव्हापासून ही जोडी वाढायची थांबली. कुणी केलं ते कधीच कळलं नाही.”

माझं बोट हवेतच राहिलं.

इथे बायकोच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. पोस्टाच्या काउंटरवर तिने तीस वर्षं एक नियम पाळला: चूक झाली की लगेच सांगायची, वरिष्ठांना लेखी द्यायची आणि मोकळं व्हायचं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग तिने हात वर केला.

“ते माझे मिस्टर होते,” ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “तेव्हा ते लहान होते, बावीस वर्षांचे. त्यांना फार वाईट वाटतंय.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या आजोबांनी तर तोंडच फिरवलं, ज्यांची शंका मी पाचच मिनिटांपूर्वी फेडली होती. दुपट्यातलं बाळ रडू लागलं. मी हेल्मेटचा पट्टा आवळला.

आम्हाला लिफ्टने वर, व्यवस्थापकाच्या खोलीत नेलं. जाताना मला लिफ्ट आहे हे कळलं. व्यवस्थापक माझ्याच वयाचे, टक्कल पडलेले, अंगात स्वेटर. भिंतीवर गुहेचे जुने फोटो, कोपऱ्यात ओल्या बुटांची रांग, टेबलावर चहाचा कप. ते ओरडतील अशी मी तयारी ठेवली होती. ते उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“तेहतीस वर्षं,” ते म्हणाले. “तेहतीस वर्षं मी तुमची वाट बघतोय.”

झालं होतं असं, की त्या दिवशी त्या वळणावर कामाला तेच होते. नवीन होते. डाग दिसला तेव्हा ठपका त्यांच्यावर आला: तूच कुणाला तरी कौतुकाने दाखवताना हात लावला असशील. सिद्ध झालं नाही, पण पुसलंही गेलं नाही. ते व्यवस्थापक झाले तरी जुने लोक अजून मागे कुजबुजतात. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. “फक्त एवढं लिहून द्या. तक्रार नाही, दंड नाही. मला फक्त हे भिंतीवर लावायचंय.”

त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोचेही. “द्या हो लिहून,” ती म्हणाली. “माणूस सुटेल बिचारा.”

मी पेन उचललं. विचार करा. सही केली असती तर मी त्या गुहेत जाऊन आलेला माणूस ठरलो असतो, कायमचा, तिथल्या भिंतीवर. एक भला माणूस सुखी झाला असता. विद्यार्थ्यांना फोटोऐवजी केवढी मोठी गोष्ट सांगता आली असती. आणि बायको कधीही, कधीही खरं काय ते जाणू शकली नसती. एका सहीचं काम होतं.

पण मी एकतीस वर्षं पेपर तपासले आहेत. वरचं उत्तर चुकीचं आहे हे माहीत असताना मी कधी सही केलेली नाही. या माणसाने तेहतीस वर्षं वाट बघितली ती खऱ्या उत्तराची, आणि त्याला पुन्हा मी बनवलेलं उत्तर द्यायचं? हात पुढे सरकेना. मी पेन खाली ठेवलं, बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला, पोटदुखीच्या गोळ्या बाजूला केल्या आणि प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं.

ते आधी बायकोने उचललं. सवयीने तिने प्रथम शिक्का पाहिला, मग तारीख, मग सही, आणि शेवटी मजकूर. मजकूर दोनदा वाचला. मग कागद व्यवस्थापकांपुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागली.

व्यवस्थापक आधी विश्वासच ठेवेनात. आता सुटका करून घ्यायला मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं. सही, पासपोर्ट, व्हिसा सगळं ताडून पाहिलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. मी त्यांना शेवटचा बाक, नकाशा आणि बोट, सगळं सांगितलं. मान वर करायची मला लाज वाटत होती. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांचे खांदे हलत होते. माणूस हसत होता.

“इतक्या वर्षांत गुन्हा कबूल करायला एकच माणूस आला,” ते म्हणाले, “आणि त्याने तो केलेला नाही.”

मग त्यांनी तो कोरा कागद घडी करून खणात ठेवला. जपून ठेवला. म्हणाले, “चला, तुम्हाला काहीतरी दाखवतो.”

आम्ही तिघंच पुन्हा खाली गेलो. त्यांनी टॉर्च अगदी तिरपा धरला. काळ्या डागाच्या कडेला, खालच्या सुळक्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. “दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “पुन्हा सुरू झालीय. अजून कुणाला सांगितलेलं नाही.” आम्ही बघत असताना वरून एक थेंब लोंबला, बराच वेळ तसाच राहिला आणि बरोबर त्या ठिपक्यावर पडला.

त्यांनी आमचा फोटो काढला. त्यात मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा आहे, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. बायको एक पाऊल लांब आहे.

परत येताना लिफ्ट होती, पण बायको पायऱ्यांकडे वळली. मी मागे. शंभर पायऱ्या झाल्या. दोनशे झाल्या. तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, पण हात द्यायची माझी हिंमत होईना. तीनशेच्या आसपास ती थांबली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

“एक विचारते. खरं सांगायचं.”

“विचार.”

“त्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं. का, तर वरचा थेंब इतक्या लांबून निघालेला, आपल्या बोटामुळे त्याला उशीर नको. हे वर्गातही सांगायचात?”

मी आठवून पाहिलं. “नाही. वर्गात फक्त बोट घातलं एवढंच. काढल्याचं कधी सांगितलं नाही.”

“मग ते कुठल्या पुस्तकातलं?”

“कुठल्याच नाही. तुझ्यासमोर बसलो तेव्हा सुचलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पोस्टात एखादं पाकीट हातात घेऊन तिकीट पुरेसं आहे की नाही ते ठरवताना बघायची, तसं.

“मी भाळले ती त्यावर,” ती म्हणाली. “घातलं त्यावर नाही. बोटं काय, बँकवालाही कुठेही घालत असेल.” आणि तिने हात पुढे केला. “चला, धरा. अजून शंभर आहेत.”

वर आलो तसा मोबाइल टणटण करू लागला. शेवटच्या बाकाचे सात निरोप होते. सर, फोटो? सर, बोट? सर, सगळे विचारतायत! मी बायकोला म्हटलं, मीच कळवतो सगळं खरं काय ते. ती म्हणाली, थांबा, आणि माझ्या हातातून मोबाइल घेतला. आधी तो हात पाठीमागे बांधलेला फोटो पाठवला. मग एका बोटाने, अक्षर शोधत, सावकाश लिहिलं:

‘सर फटीत बोट घालत नाहीत. उत्तरपत्रिकेत ज्यांनी ज्यांनी घातलं त्यांचे दोन-दोन मार्क कापले आहेत. कारण सर समक्ष येऊन सांगतील. लेखी पुरावा माझ्याजवळ आहे.’